पावसाळ्यात पोरांना लाँड्रीत न्या, आणि काम त्यांच्या हातात द्या

जुलैचा दुसरा आठवडा, चिपळूण. चार दिवस पाऊस उघडलेला नाही, पडवीतल्या दोरीवर सोमवारचे युनिफॉर्म गुरुवारीही ओलेच, घरात पंख्याखाली खुर्च्यांवर बनियन आणि मोजे, आणि सगळीकडे तो कुबट वास. कोकणात एक जरी पावसाळा काढला असेल तर पुढचं सांगायला नको. आमचं घरचं मशीन धुतं, पिळतं, पण वाळवत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा आम्ही बाजारपेठेतल्या सेल्फ सर्व्हिस लाँड्रीत जातो, म्हणजे कपडे आपणच भरायचे, धुवायचे आणि मग ड्रायरला लावायचे. आधी मी एकटीच जायचे, पोरं घरी टीव्हीपुढे. एकदा नाइलाजाने दोघांना न्यावं लागलं, थोरला सहावीत आणि धाकटी तिसरीत, आणि त्या दीड तासात त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की पुढच्या वेळेपासून मी मुद्दाम न्यायला लागले. आता दोन पावसाळे झाले. काय जमलं काय नाही ते लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

सगळ्यात आधी एक गोष्ट, मुलांना "मदत करायला" नेऊ नका, काम सोपवा. मदत म्हटलं की ती दोन मिनिटं करतात आणि मग मोबाईल मागतात. आमच्याकडे ठरलेलं आहे, खिसे तपासणं आणि मोजे धाकटीचे, वजन, वेळ आणि पैसे थोरल्याचे. एकदा तिच्याकडून खिशातला टिश्यू पेपर राहिला आणि सगळ्या काळ्या कपड्यांवर पांढरा भुसा झाला, मी काही बोलले नाही, तिनेच बसून एकेक कण काढला. आता ती बाबांच्या पॅंटचे चोरखिसेसुद्धा सोडत नाही.

काम सुरू होतं घरी, आदल्या रात्री. कपडे जमिनीवर ओता आणि ढीग मुलांना करू द्या. पांढरे, रंगीत, गडद, आणि टॉवेल-चादरी वेगळ्या. लहान मुलाला रंगावरून जमतं, मोठ्याला आतलं लेबल वाचायला लावा. त्या लेबलवरच्या खुणा म्हणजे एक भाषाच आहे आणि मुलांना ती भयंकर आवडते. पाण्याच्या टबात 30 किंवा 40 लिहिलंय म्हणजे तेवढ्या अंशापर्यंतचं पाणी चालेल, टबात हात काढलाय म्हणजे हाताने धुवा, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोनात गोल म्हणजे ड्रायर, आणि यातल्या कशावरही फुली असेल तर ते करायचं नाही. इस्त्रीच्या चित्रात एक टिंब असेल तर कमी गरम, दोन टिंबं मध्यम, तीन टिंबं जास्त गरम. थोरल्याने पहिल्याच दिवशी माझ्या एका कुर्त्यावर ड्रायरच्या खुणेवर फुली शोधून काढली, जो मी आधी तीनदा ड्रायरला लावलेला होता आणि "हा आखूड का झाला" म्हणून दुकानदाराला दोष देत होते.

डाग असलेले कपडे मात्र धुण्याच्या ढिगात टाकू नका, बाजूला ठेवा. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकण्यासारखं इथेच आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात त्याचं सगळं सामान आहे. आमटीचा हळदीचा डाग घ्या, त्यावर साबण चोळा, डाग एकदम लालभडक होतो. मुलं घाबरतात, वाटतं डाग वाढला. तसं नाहीये, हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, त्याला साबणातली अल्कली (आम्लाच्या उलट गुणाची) लागली की ते रंग बदलतं, आता त्यावर आंबट लिंबू पिळा, परत पिवळं. कुंकू पूर्वी कशापासून करायचे ते इथेच सांगून टाका, हळदीला चुना वगैरे लावूनच तो लाल रंग यायचा. सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या "अगो, हे आम्हाला ठाऊक होतं, पण कर्क्युमिन नव्हतं ठाऊक". हळदीचा उरलेला पिवळेपणा उन्हात उडतो, म्हणून तसले कपडे ऊन पडेल त्या दिवसासाठी राखून ठेवायचे.

दुसरा प्रयोग कोकमाचा. आगळाचे, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाचे, दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर टाका, एका थेंबावर खायचा सोडा. लाल जाऊन निळसर काळपट होतं. म्हणजे सोलकढी सांडली की लगेच साबण का लावायचा नाही, आधी साध्या गार पाण्याने का धुवायचं, ते मुलांना पाठ करायला लागत नाही, डोळ्यांनी दिसतं. आणि मे महिन्यात काजूच्या बोंडूचा डाग पडला असेल तर त्याची आशा सोडा, केळीच्या चिकाचा पण तसाच. तो शर्ट बागेत जायचा शर्ट म्हणून ठेवायचा, आमच्याकडे प्रत्येकाचा एकेक आहे.

बोंडूवरून आठवलं, परटाची खूण. आधी परीट वेगवेगळ्या घरांचे कपडे ओळखायला कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण करायचे, ती कितीही धुतलं तरी जायची नाही. इंग्रजीत बिब्ब्याचं नावच मार्किंग नट आहे. आणि बिब्बा, काजू, आंबा हे तिन्ही एकाच कुळातले, म्हणून तिघांचाही चीक अंगाला लागला तर त्रास देतो. आंब्याच्या देठाचा चीक लागून ओठावर उठलेलं आमच्या घरात प्रत्येकाने भोगलंय, त्यामुळे हे त्यांच्या लगेच डोक्यात बसलं. बिब्ब्याचा प्रयोग मात्र घरी अजिबात करायला देऊ नका, कातडी भाजते.

लाल चिखलाचं वेगळं. आपल्या जांभ्या मातीत लोह भरपूर, तो गंजाचाच रंग, म्हणून युनिफॉर्मच्या मागे उडालेले शिंतोडे सहज जात नाहीत. ओला असताना चोळला की तो आत जातो. वाळू द्या, झटका, ब्रशने काढा, मगच पाणी. हे मी 2021 साली शिकले, 22 जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं त्यानंतर. आमचं खालच्या मजल्यावरचं कपाट अख्खं चिखलात होतं, आणि घाईघाईने बादलीत बुडवलेले कपडे कायमचे मातकट झाले, गच्चीवर तसेच टाकून दिलेले मात्र पुष्कळसे वाचले. धाकटी तेव्हा अगदीच लहान होती, तिला काही आठवत नाही, थोरल्याला आठवतं. हे काम करताना तो त्याबद्दल बोलतो, एरवी बोलत नाही.

आता लाँड्रीत पोचलात. पहिल्यांदा काटा. आमच्या लाँड्रीत वजनावर पैसे असल्यामुळे काटा आहे, तुमच्याकडे नसेल तर घरीच पिशवीसकट माणसाचं वजन करायचं आणि माणसाचं वजा करायचं, ते सुद्धा गणितच. मशीनवर 8 किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं, ओल्याचं नाही, आणि ड्रम गच्च भरायचा नाही, कपड्यांना वर जाऊन खाली आपटायला जागा पाहिजे, कारण आपटणं म्हणजेच धुणं. पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, दगडावर धोपटायचे तेच, फक्त गोल डब्यात.

वजन तीनदा करायचं, हे विसरू नका, आमच्या सगळ्या फेऱ्यांमधली सगळ्यात भारी गोष्ट ही आहे. जाताना आमचे कपडे 6 किलो. धुऊन पिळून बाहेर आले तेव्हा 9 किलो 200 ग्रॅम. ड्रायरमधून निघाले तेव्हा परत 6 च्या आसपास. मग थोरल्याला विचारलं, मधले 3 किलो 200 ग्रॅम कुठे गेले? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे सव्वातीन लिटरच्या जवळपास पाणी, तीन मोठ्या बाटल्यांपेक्षा जास्त, वाफ होऊन पाइपमधून बाहेर गेलं. आणि वाफ करणं स्वस्त नसतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी 0.63 युनिट वीज लागते, म्हणजे आमच्या कपड्यांना निदान 2 युनिट, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. मग त्यानेच विचारलं की पिळतानाच जास्त पाणी काढलं तर? बरोबर. म्हणून आम्ही आता पाच मिनिटं जास्तीचं स्पिन लावतो, ड्रायर पंधरा मिनिटं कमी लागतो. हा शोध त्याचा आहे, घरी पाहुणे आले की तो सांगतो.

स्पिन सुरू झालं की मशीनसमोर उभं राहू द्या. आमच्या इथल्या मशीनवर 1000 चा आकडा असतो, म्हणजे मिनिटाला हजार फेरे. साठने भागा, सेकंदाला सोळा-सतरा. ड्रम साधारण अर्धा मीटर रुंद धरला तर त्याची कड ताशी 94 किलोमीटरने पळते, हायवेवरच्या एसटीपेक्षा जोरात, आणि जागेवरच. त्या वेगात कपडे भिंतीला त्यांच्या वजनाच्या साधारण 280 पट जोराने दाबले जातात, 100 ग्रॅमचा ओला मोजा 28 किलोचा असल्यासारखा. पाण्याला सरळ जायचं असतं, भिंत कपड्यांना वळवते, पाण्याला भोकं सापडतात, ते निघून जातं. तिसरीतल्या मुलीला हे कसं सांगायचं? बाहेर न्या आणि ओली छत्री गरागरा फिरवायला सांगा. थेंब कसे उडतात बघ. एवढंच. (शेजारी कोण उभं आहे ते आधी बघा.)

पावडर मुलांना मोजू द्या पण हात कोरडे पाहिजेत आणि डोळ्यांपासून लांब. समोरून दार असलेल्या मशीनला कमी फेसाची पावडर लागते, फेस जास्त झाला की कपडे त्यावर तरंगतात, आपटत नाहीत, आणि नीट धुतले जात नाहीत. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ हे डोक्यातून काढायला मला स्वतःला वर्ष लागलं. साबण काय करतो ते असं सांगते, साबणाच्या कणाला एक डोकं आणि एक शेपूट, डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल, शेपट्या तेलकट मळात घुसतात, डोकी पाणी धरतात, आणि मळ पाण्याबरोबर निघतो. आमची आत्या खाडीकाठाला राहते, तिच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि ती कायम तक्रार करते की साबण लागत नाही. गुहागरला गेलो तेव्हा आम्ही एक बाटली समुद्राचं पाणी आणलं, घरी दोन बाटल्यांत अंगाच्या साबणाचा कीस टाकून हलवलं. नळाच्या पाण्यात फेस, समुद्राच्या पाण्यात नुसता पांढरा साका. खारं पाणी आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, त्यांनी साबण फाडला. खोबरेल तेलाचा साबण मात्र खाऱ्या पाण्यातही फेस देतो, म्हणून बोटीवर तसला साबण वापरायचे. आणि साबणाच्याही आधीचे रिठे, ते भिजवून बाटलीत हलवून बघा, सासूबाईंची रेशमी साडी अजून रिठ्यानेच धुतली जाते.

मशीन फिरत असताना धाकटीने एकदा विचारलं, हे पाणी कुठून येतं आणि घाण पाणी कुठे जातं? चिपळूणवाल्यांना याचं उत्तर फार सुंदर आहे आणि बऱ्याच जणांनी मुलांना सांगितलेलं नसतं. कोयनेचं पाणी खरं तर घाटावरचं, ते पूर्वेला कृष्णेला मिळायचं. धरणाने अडवून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांमधून इकडे पश्चिमेला आणलं, पोफळीला त्यावर वीज होते, कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॅट, आणि ते पाणी मग वाशिष्ठीत येतं, चिपळूणवरून पुढे दाभोळजवळ समुद्राला मिळतं. म्हणजे ज्या पाण्याने वीज केली तेच पाणी आपल्या दारावरून जातं. मी कागदावर ही रेघ काढून दिली, घाट, बोगदा, पोफळी, चिपळूण, दाभोळ. तिने मध्ये एक मगर काढली, कारण वाशिष्ठीत मगरी आहेत हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. मग तिनेच विचारलं की आपला फेस मगरीच्या तोंडात जातो का. त्या दिवसापासून पावडरचं माप तिच्या ताब्यात, आणि ती सपाट चमच्यापेक्षा एक कणही जास्त घालू देत नाही.

पैसे रोख द्या, निदान मुलं बरोबर असताना. मोबाईलवर स्कॅन केलं की त्यांना काही दिसत नाही, आवाज येतो आणि संपलं. थोरल्याकडे मी पाचशेची नोट देते, धुण्याचे किती, ड्रायरचे किती, परत किती यायला पाहिजेत हे त्याने आधी वहीत लिहायचं. उरलेल्यातून दोघांना एकेक वडापाव. ड्रायर पंधरा मिनिटांनी कमी झाला की वडापावबरोबर चहा पण बसतो, हे त्याला कुणी शिकवलं नाही.

काही गोष्टी मात्र ठाम सांगायच्या, गोड बोलून नाही. ड्रममध्ये डोकं घालायचं नाही, आत शिरायचं तर कधीच नाही, लपाछपीत सुद्धा नाही. ड्रायरचं दार आणि आतला पत्रा तापलेला असतो, थांबायचं. पातळ साबण रंगीत असतो, सरबतासारखा दिसतो, पाण्याच्या बाटलीत भरून नेऊ नका. दुसऱ्याचं मशीन संपलं असेल आणि माणूस जागेवर नसेल तर त्याचे कपडे आपण काढायचे नाहीत, आधी तिथल्या दादांना विचारायचं. आणि त्या दादांशी बोलायला लावा. आमच्या लाँड्रीतले दादा परीट समाजातले, त्यांचे आजोबा नदीवर घाटावर कपडे धुवायचे, कोळशाच्या इस्त्रीत करवंट्यांचा कोळसा घालायचे, कॉटनच्या साड्यांना पेजेची खळ द्यायचे. खळ म्हणजे काय हे थोरल्याला त्यांनी दाखवलं, भाताची पेज गाळून कपड्यावर, वाळली की कपडा कडक. जी पेज आपण सकाळी मीठ घालून पितो तीच. मी मुलांना गाडगेबाबांबद्दल सांगितलं, 1876 साली परटाच्या घरात जन्मले आणि जन्मभर हातात खराटा घेऊन गावोगाव झाडत फिरले. धाकटीच्या पाठ्यपुस्तकात असोत नसोत, तिने ते या माणसासमोर ऐकलं याला माझ्या दृष्टीने जास्त किंमत आहे. तेव्हापासून ती निघताना "दादा, येतो आम्ही" म्हटल्याशिवाय पायरी उतरत नाही.

घडी घालायचं काम तिथेच टेबलावर करा, घरी नेलं की राहतं. चादर दोघांनी धरायची, एकमेकांकडे चालत यायचं, कोपरे जुळवायचे. एक घडी 2 थर, दुसरी 4, तिसरी 8, पाचवीला 32 होतात आणि मग हातात मावत नाही. मोज्यांचं एक कोडं सहावीतल्या मुलाला विचारा, पिशवीत काळे आणि पांढरे मोजे मिसळलेत, न बघता किती काढले की एक जोडी नक्की? आमचा थोरला अर्धा तास भांडला की निदान निम्मे तरी काढावे लागतील. उत्तर तीन, आणि काढून बघितल्याशिवाय त्याने मानलं नाही. सासूबाईंच्या नऊवारीची घडी मात्र अजून कुणाला एकट्याने जमत नाही, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, दोघं मिळून टेबलाच्या दोन टोकांना उभे राहतात तरी ती जमिनीला लागतेच.

सगळ्यांना दर वेळी आवडेल असं नाही. कधी कधी दोघंही कंटाळतात, भांडतात, तेव्हा मी काही शिकवायला जात नाही, पुस्तक देते आणि गप्प बसते. प्रश्न त्यांच्याकडून आला तरच उत्तर द्यायचं, आपण होऊन परीक्षा घ्यायला लागलो की पुढच्या आठवड्यात कुणी येत नाही, हे अनुभवाने सांगतेय.

आणि परत येताना, ड्रायरमधले कपडे गरम असतानाच पिशवीत कोंबू नका, दहा मिनिटं टेबलावर गार होऊ द्या, नाहीतर आतल्या आत वाफ धरते आणि घरी पोचेपर्यंत परत तोच कुबट वास. तेवढ्या वेळात वडापाव होतो. जाताना साध्या पिशवीच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी न्या, तोंड दोरीने बांधा, आणि पिशवी रिक्षात मांडीवर घ्या, खाली नको, खाली पाणी असतं.